मुरमावरची ऑटोक्रॉस आणि आमची घरची स्विफ्ट

गाडीत काय बदलायचं याची यादी करण्याआधी मी काय बदलता येणार नाही याची यादी केली. ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं म्हटल्यावर जालन्यातल्या मित्रांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला होता. स्प्रिंग काप, रुंद टायर टाक, सायलेन्सर मोकळा कर, मागचं सीट काढून फेक. प्रत्येकाचा कुणीतरी ओळखीचा फिटर होता आणि प्रत्येकाकडे व्हिडिओ होता. पण माझ्याकडे गाडी एकच. दुसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय हा मधला प्रकार. रविवारी जी गाडी मैदानावर पळवायची, तिच्यातूनच सोमवारी कामावर जायचं आणि महिन्याकाठी आईला परभणीकडे गावी न्यायचं. त्यामुळे गाडी आरटीओच्या नजरेतून, स्पर्धेच्या नियमांतून आणि आईच्या कंबरेतून, तिन्हीकडून पास व्हायला हवी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑटोक्रॉस म्हणजे शर्यत खरी, पण घड्याळाशी. मैदानावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात, एका वेळी एकच गाडी सुटते, शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे मातीवर होतं. पहिला गिअर सुटताना, मग जवळजवळ सगळा मार्ग दुसऱ्यात. म्हणून इंजिनाच्या ताकदीपेक्षा चाक जमिनीला किती धरून राहतं यावर निकाल लागतो. सस्पेन्शनवर मी इतका वेळ घालवला तो म्हणूनच.

आधी कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर बोट ठेवलं आणि मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द मी मित्रांना मुद्दाम वाचून दाखवले, कारण त्यांच्या यादीत सहा-सात बदल तर सहज होते.

मी आरसी समोर ठेवून बसलो. इंजिन, इंधन, रंग, आसनसंख्या, वजन हे सगळं तिच्यात आहे. त्याला हात लावायचा नाही. मागचं सीट कायमचं काढणं बाद. सायलेन्सर बाद, आवाजाचे नियम वेगळेच आहेत. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड तर नकोच. आमच्याकडे निम्म्या बोलेरोंना ते दिसतात, पण केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे. शिवाय आधीच नाकाकडे जड असलेल्या गाडीच्या नाकावर आणखी लोखंड कोण टांगणार? उरलं काय, तर झिजणाऱ्या वस्तू. शॉकप (शॉक ॲब्झॉर्बर), सांध्यांतले रबरी बुश, सस्पेन्शनचे लिंक रॉड, ब्रेक पॅड, कंपनीने दिलेल्या मापाचे टायर, चाकांचे कोन आणि टायरमधली हवा. यादी छोटी दिसते खरी, पण मला जे हवं होतं ते जवळजवळ सगळं तिच्यातच निघालं.

मग विमा. याकडे नवी मुलं अजिबात बघत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग असतो आणि त्यात संघटित शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी हे वापर सरळ वगळलेले असतात. म्हणजे मैदानावर गाडी उलटली तर खर्च आपला. आमच्या एजंटाचं म्हणणं पडलं, ‘सांगायचं कशाला, भाऊ?’ मी पॉलिसीचं ते पान त्याच्यासमोर ठेवलं. मैदानावरचं नुकसान माझ्या खिशातून जाणार हे धरूनच मी वर्षाचं बजेट केलं, आणि रस्त्यावरचा क्लेम कुठल्या बदलामुळे अडू नये म्हणून गाडीत कंपनीच्या बाहेरचं काही बसवायचं नाही हेही तेव्हाच ठरवलं.

तिसरी चाळणी स्पर्धेची. एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटारस्पोर्ट क्लबांचा महासंघ, तिच्या छत्राखालच्या स्पर्धेत परवाना लागतो, हेल्मेट लागतं आणि प्रत्येक स्पर्धेची स्वतंत्र नियमपत्रिका निघते. ती वाचताना एक सूत्र डोक्यात ठेवायचं. मोटारस्पोर्टच्या उत्पादन-गाड्यांच्या नियमांत साधारणपणे ज्याला स्पष्ट परवानगी लिहिली आहे तेवढंच चालतं. लिहिलं नाही म्हणजे चालत नाही. ‘कुठं मना केलंय?’ हा आपला लाडका युक्तिवाद तिथे टिकत नाही. पॉलियुरेथेनचे कडक बुश मी याच कारणाने सोडले. माझ्या गटाच्या परवानगीच्या यादीत ते नव्हते, विषय संपला.

आता गाडीकडे. पहिलं काम केलं ते वजन. मोंढ्याजवळच्या भुईकाट्यावर सकाळी गर्दी नसताना गेलो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या मोजणारा काटा तो, दहा किलोच्या पटीत आकडा दाखवतो, पण माझ्या कामाला तेवढं पुरेसं होतं. अर्धी टाकी पेट्रोल, मी सीटवर बसलेला. पूर्ण गाडी चढवली: १०५० किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर सपाट फरशीवर: ६४०. काट्यावरच्या दादांनी विचारलं, ‘माल कुठाय?’ म्हटलं, ‘मीच माल.’ त्यांनी हसून पावती दिली, ती अजून वहीत चिकटवलेली आहे. एकूण वजनाच्या ६१ टक्के पुढे. ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळायचं त्यांचंच आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. वळणात जोरात घुसलं की स्टेअरिंग कितीही पिळा, गाडी नाकाने सरळच ढकलली जाते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. म्हणजे मला पुढच्या चाकांची पकड वाढवायची होती आणि मागची बाजू थोडी फिरती करायची होती. पुढचा प्रत्येक निर्णय या पावतीवरून घेतला.

दुसरी गोष्ट जमीन. डांबरावरच्या ऑटोक्रॉसचे व्हिडिओ बघून गाडी बसवली तर आपल्याकडे ती चालत नाही. सरावासाठी बदनापूरच्या पुढे चुलतभावाची प्लॉटिंगसाठी सपाट केलेली जागा मिळाली. हे मुद्दाम सांगतो, कारण सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, रात्री बायपास मोकळा असला तरी. ती जागा मुरमाची. आपला मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगड, बेसाल्ट. खाली टणक थर आणि वर वाटाण्याएवढे सुटे खडे. सकाळी पहिल्या गाडीला त्या खड्यांवरून सरकत जावं लागतं. पाच-सहा गाड्या गेल्या की खडे बाजूला होतात, मधली रेघ टणक निघते आणि पकड वाढते. आणखी गाड्या गेल्या की वळणाच्या तोंडाशी चाकोऱ्या पडतात आणि मग चाक त्यांत आपटायला लागतं. एकाच दिवसात तीन वेगवेगळ्या जमिनी. त्यात काळी माती मिसळलेली असेल आणि टँकरने पाणी मारलं असेल तर वरचा थर साबणासारखा होतो.

अशा जमिनीवर खाली बसवलेली, कडक गाडी नुसती उड्या मारते. स्प्रिंग कापायचा मोह मला पडला नाही तो यामुळे. आमचे चाचा, ज्यांच्या गॅरेजात ही गाडी पहिल्या दिवसापासून आहे, त्यांनी मनापासूनच सुचवलं होतं, ‘भाऊ, दीड राउंड कापतो, जमिनीला चिकटंल.’ मी त्यांच्यासोबत बाकावर बसून हिशेब मांडला. स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती त्याच प्रमाणात कडक होते. काम करणाऱ्या सहा वेढ्यांचे पाच केले तर वीस टक्के. पण लांबीही घटते. चाक चाकोरीवरून उचललं गेलं, हवेत लोंबलं, की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते, आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसतही नाही. त्याहून मोठा तोटा डोळ्यांना दिसत नाही. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकप एकाच उभ्या खांबात. गाडी खाली घेतली की लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, उतार बदलतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, आणि वळणात गाडीला कलवणारा जोर उलट वाढतो. वर चाकाचा कोनही बिघडतो. उंची कमी करून कल कमी होईल ही समजूत स्ट्रटच्या गाडीत अर्धीच खरी आहे. चाचांनी ऐकून घेतलं, मग लोअर आर्मला हाताने वरखाली करून बघितलं आणि म्हणाले, ‘मग स्प्रिंगला हात लावायचा नाही. शॉकप बघू.’

आणि शॉकपच गेलेले निघाले. पुढच्या दोन्हींवर तेल झिरपून धुळीचा काळा लेप बसला होता. मराठवाड्याच्या रस्त्यांवर हे काही नवं नाही. पण बदलण्याआधी मला आकडा हवा होता. शॉकपच्या चकचकीत दांड्यावरचं रबरी आवरण वर सरकवून मी एक बारीक केबल टाय आवळला. चाक वर जातं तसा हा टाय ढकलला जातो आणि सगळ्यात वरच्या जागी थांबतो. सरावाची एक फेरी मारून उतरलो, जॅक लावला, पाहिलं तर टाय थेट बंप स्टॉपच्या रबराला टेकलेला. म्हणजे चाकोरीत पुढचं सस्पेन्शन पूर्ण दबून ठोकरत होतं, आणि ठोकरलं की त्या क्षणी चाकाला स्प्रिंग उरतच नाही, पकड जाते. कंपनीच्याच मापाचे नवे शॉकप चारही बाजूंना टाकले, सोबत नवे बंप स्टॉप आणि वरचे माउंटिंग. त्याच मार्गावर, त्याच वेगाने टाय रबराच्या बोटभर खाली थांबला. स्प्रिंग तीच, उंची तीच.

शॉकपचं काम दोन बाजूंचं असतं, दबताना आणि परत सुटताना. सुटताना तो ढिला असेल तर चाक जमिनीवर परत आपटतं आणि उसळतं. फार कडक असेल तर लागोपाठच्या चाकोऱ्यांत चाक खाली यायच्या आत पुढची चाकोरी येते आणि सस्पेन्शन हळूहळू आत बसत जातं. मुरमावर हा समतोल स्प्रिंगपेक्षा महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत झालं आहे. पैसे मोजकेच असतील तर ते आधी इथे घालवावेत.

त्याच वेळी लोअर आर्मचे बुश बदलले, रबराचेच. जुने काढल्यावर आतली धातूची नळी बोटाने हलत होती. ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकून आपला कोन बदलत होतं, म्हणून वळणाच्या तोंडाशी स्टेअरिंगमध्ये पोकळपणा जाणवायचा. तो गेला. काही जणांनी पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचा कल रोखणारी आडवी सळई, सोडवायला सांगितलं होतं. सैल जमिनीवर त्याने पुढची पकड वाढते हे बरोबर आहे, रॅलीवाले असं करतात. पण संध्याकाळी त्याच गाडीत घरचे बसणार आणि जालना-संभाजीनगर रस्त्यावर ट्रकमागून अचानक कुणी आडवं आलं तर गाडीने सावरायला हवं. मी तो बार जागेवर ठेवला.

टायरचा निर्णय सगळ्यांना उलटा वाटला. व्हीएक्सआयला १६५/८० आर १४ (१६५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची), वरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५. दोन्ही कंपनीचीच मापं आणि बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६२० आणि ६२२ मिलिमीटर. म्हणजे गिअरिंगला फरक नाही. बाजारात लोक हौसेने १९५/५५ आर १५ टाकतात. त्याचा व्यास ५९६ भरतो. गाडी खाली बसते आणि स्पीडोमीटर चार टक्के जास्त दाखवतो. मी मूळ अरुंद मापावरच राहिलो. सैल खड्यांत अरुंद टायर खाली रुतून टणक थर शोधतो, रुंद टायर वरच्या खड्यांवर तरंगतो. १४ इंची टायरची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर, १५ इंचीची १२०. चाकोरीत ती जादा भिंत रिम वाचवते. आणि लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकते. डांबरावर स्पर्धा असती तर मी १८५ घेतले असते. मुरमासाठी १६५, फक्त खांद्याकडे खोल खाचा असलेले.

अलाइनमेंटला संभाजीनगरला गेलो. तिथल्या काकांनी मशीनवर चारही आकडे हिरवे आणून हात पुसले. म्हटलं, ‘काका, हिरव्यातच ठेवा, पण हिरव्याच्या या टोकाला.’ ‘कंपनीचा मधला आकडा सोडून?’ त्यांना पटेना. मग मी सांगितलं की पुढची चाकं कंपनीच्या मर्यादेतच, पण किंचित बाहेर तोंड करून हवीत. त्याने स्टेअरिंग फिरवल्याबरोबर नाक वळायला लागतं. स्ट्रट जिथे नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या तुकड्याला, बसतो तिथले दोन बोल्ट ढिले करून, चाकाचा वरचा भाग आत ढकलून, परत आवळले. भोकांतली फट जेवढी मुभा देते तेवढाच निगेटिव्ह कॅम्बर मिळाला, अर्ध्या अंशाच्या आसपास. वेगळा बोल्ट नाही, कापाकापी नाही. काकांनी आधीचं आणि नंतरचं प्रिंट दिलं. मागे दोन्ही चाकं जोडणारा एकच ट्विस्ट बीम असल्याने तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

उरली हवा. फुकट आणि सगळ्यात जलद सेटिंग तेच. मागच्या टायरमध्ये हवा वाढवली की त्यांची पकड थोडी घटते आणि गाडीची मागची बाजू वळणात फिरायला लागते, म्हणजे पुढे ढकलली जाणारी गाडी आपोआप वळते. चारही टायर ३० पीएसआयवर ठेवून सुरुवात केली आणि मागे दोन-दोन वाढवत गेलो. ३४ ला गाडी मोकळी वळू लागली, ३६ ला पाय उचलताच शेपूट हातातून जायला लागलं. ३४ पक्कं केलं. पण आपल्या उन्हात हा आकडा दिवसभर टिकत नाही. साधारण साडेपाच अंश तापमानाला एक पीएसआय धरा. सकाळी पंचविसाला भरलेली हवा दुपारी बेचाळिसाला तीन पीएसआयने वर जाते, वर टायर स्वतः तापतो ते वेगळं. म्हणून दर फेरीआधी मोजायचं, आणि एकाच गेजने. पेट्रोल पंपावरचा एक आणि घरचा एक असे दोन गेज वापरले तर मोजलेलं सगळं वाया. घरी निघताना हवा पुन्हा दारावरच्या स्टिकरप्रमाणे.

सगळी चाचणी एका वेळी एकच बदल या शिस्तीने केली; शॉकप आणि बुश एकत्र बदलले, म्हणून ते एकच काम धरलं. पुतण्या स्टॉपवॉच घेऊन झाडाखाली, वहीत वेळ, हवा, जमिनीची अवस्था. जमीन दिवसभर बदलते, म्हणून प्रत्येक बदलानंतर जुनी सेटिंग परत लावून एक फेरी मारायची. त्याशिवाय वेळ शॉकपने कमी झाली की झाडून निघालेल्या रेघेने, हे कळत नाही. वहीत सगळ्यात मोठा फरक शॉकप आणि बुशांच्या कामाचा दिसतो, त्याखाली मागची हवा. कॅम्बरचा फरक इतका बारीक की मी तो गृहीत धरत नाही. हँडब्रेकची केबल आवळून मागचे ड्रम एकसारखे धरायला लावले, त्याने यू-टर्नसारख्या वळणाला वेळ वाचली.

गावी जाताना आईने पाथरी सोडल्यावर विचारलं, ‘गाडीचं काही काम केलंस का? आधी लई हादरायची, आता डाळीची गोणी जागची हलंना.’ मैदानासाठी केलेलं काम रस्त्यावरच्या खड्ड्यांनाही तेच लागतं.

स्पर्धेच्या स्क्रुटिनीला, म्हणजे गाडीच्या तपासणीला, बॅटरीचा क्लॅम्प हलवून बघितला, स्टेपनी आणि पायाखालचे मॅट बाहेर काढायला लावले, टायरवरचं माप नियमपत्रिकेशी ताडलं, बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा मूळचा आहे का ते पाहिलं. मी आरसी, मालकपुस्तिकेचं टायरच्या मापाचं पान आणि अलाइनमेंटचं प्रिंट एका फाइलमध्ये नेलं होतं. तपासनिसांनी फाइल चाळली आणि स्टिकर दिलं. शेजारच्या गाडीला रुंद टायरमुळे वरच्या गटात जावं लागलं, जिथे तिच्या मालकाची गाठ पूर्ण तयार केलेल्या गाड्यांशी पडली.

माझी वेळ गटात वरच्या अर्ध्यात आली. सगळ्यात वेगवान गाडी माझ्याच मॉडेलची होती आणि तिचे टायरही १४ इंचीच होते. तिचा चालक वळणाआधी माझ्यापेक्षा बराच आधी ब्रेक सोडत होता. पुढच्या हंगामाआधी नवी नियमपत्रिका येईल. तिच्यात संप गार्डला, म्हणजे इंजिनाचा तळ वाचवणाऱ्या पत्र्याला, परवानगी आहे का आणि वजनाची अट काय आहे हे आधी बघणार आहे. परवानगी असली तर चाचांकडे जाऊन पातळ पत्र्याचा गार्ड बसवू, आणि गाडी पुन्हा भुईकाट्यावर नेऊन ६१ टक्क्यांचा आकडा किती सरकला ते मोजू.